तेलरंगातली शिडी

आधी खरवडायचं की सरळ चुना मारायचा, यावरून रंगाऱ्याच्या घरी सकाळीच जुंपली.

भिंत त्यांच्याच घराची, रस्त्याकडची. तिच्यावर पुरुषभर उंचीची शिडी काढलेली होती. गेल्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह शिडी होतं. या खेपेला बादली मिळाली होती, तेव्हा शिडी जाऊन तिथे बादली यायला हवी होती.

"तेलरंगावर चुना धरत नाही," बायको म्हणाली. ती पिंपात चुना कालवत होती आणि वाफेनं तिचे डोळे चुरचुरत होते. "पत्र्यानं खरवडून काढा आधी."

"तू मला रंगकाम शिकवणार?"

"शिकवत नाही. पण चुना मी कालवते. तो कुठे रुसतो ते मला ठाऊक आहे."

"डिंक जास्त घाल. दोन हात मारले की झालं."

"आणि भट्ट्यांकडच्या सगळ्या भिंती?"

"तिथेही दोन हात."

बायकोनं काठी पिंपाच्या कडेवर आपटली. "खांदा दुखतो म्हणून सांगा की सरळ. मी खरवडते."

खांदा दुखत होताच. जन्मभर हात वर करून काम केलं की खांदा शेवटी हिशेब मागतो. पण खरं कारण ते नव्हतं आणि ते बायकोला सांगण्यासारखंही नव्हतं. या शिड्या म्हणजे त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं. एरवी त्याच्या वाट्याला दुकानांच्या पाट्या आणि ‘येथे थुंकू नये’ यायचं. शिडीला मात्र त्यानं जीव लावला होता. लाकडाच्या शिरा ओढल्या होत्या, प्रत्येक पायरीखाली सावली दिली होती. शेजारची शेळी एकदा तिच्यावर चढायला गेली आणि तोंडावर आपटली, ही गोष्ट तो अजून येईल त्याला सांगत असे. त्या शिडीवर पत्रा चालवणं त्याच्याच्यानं होईना. पांढऱ्याखाली राहिली तर राहिली बिचारी. तिचा कुणाला काय त्रास होता?

त्यानं कुंचला बुडवला आणि वरच्या पायरीपासून पुसायला सुरुवात केली.

पक्ष म्हणजे सुरुवातीला पक्ष नव्हताच. ते एक भांडण होतं.

रंगाऱ्याची थोरली बहीण, जिला सगळे आक्काच म्हणत, नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहायची आणि वीटभट्टीवर विटा पाडायची. सकाळी साचा हातात घ्यायचा, त्यात चिखलाचा गारा भरायचा, दाबायचा, उलटा करायचा. उन्हं उतरेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. एका वर्षी अवेळी पाऊस आला आणि वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल झाला. मालक म्हणाला, भिजलेल्या विटेची मजुरी मिळणार नाही. आक्का म्हणाली, आम्ही वीट पाडली, पाऊस नाही पाडला. मालक हसला. तेव्हा आक्का उठली आणि जाऊन गाऱ्याच्या खड्ड्यात बसली, कमरेइतक्या चिखलात. गाराच मिळेना तर विटा कुठून पडणार? तिच्या शेजारी साचेवाली मावशी येऊन बसली. ही भट्टीवरची सगळ्यात जुनी बाई. मग एकेक करून सगळेच उतरले. म्हशींसारखे बसलेत, म्हणून मालकाची माणसं चिडवत राहिली. शेवटी मालकच नमला.

ही बातमी पसरली, तशी दुसऱ्या भट्ट्यांवरची माणसं आक्काला विचारायला येऊ लागली. शाळेतले एक मास्तर आले. बोलायला गोड, डोक्यानं हुशार. म्हणाले, "आक्का, भांडण एकदा जिंकता येतं. पक्ष असला की रोज जिंकता येतं." आक्काला ते पटलं. पुढे कुणी विचारलं तर ती म्हणायची, "रोज भांडावं लागतं, एवढं मात्र खरं झालं."

विरोधकांनी हिणवून नाव ठेवलं, चिखलपार्टी. पक्षाचं खरं नाव लांबलचक होतं, ते मास्तरांखेरीज कुणाला पाठ नव्हतं. चिखलपार्टी हेच तोंडात बसलं. सभेची रीतही तशीच पडली. मधोमध पाटीत गाऱ्याचा गोळा ठेवायचा. बोलायला उठणाऱ्यानं आधी त्यात हात घालायचा आणि मग बोलायचं. स्वच्छ हातानं बोलायचं नाही, हा आक्काचा नियम. पहिली सभा रंगाऱ्याच्या अंगणात झाली तेव्हा मास्तरांनीही मनगटापर्यंत हात घातला होता.

पक्ष वाढत गेला. दगडखाणीवाले आले, हमाल आले, राज्याच्या दुसऱ्या टोकाचे मीठवाले आले. मास्तरांनी शाळा सोडली. त्यांच्या खिशात हात पुसायला रुमाल आला. पुढे राज्याची मोठी सभा भरली तेव्हा गाऱ्याचा गोळा बशीत होता, वाळून टणक झालेला, आणि त्याला लोक एक बोट लावत होते. त्याच्या पुढच्या सभेत बशीही नव्हती. आक्कानं विचारलं, तर मास्तर म्हणाले, "गालिचा भाड्याचा आहे हो आक्का."

निवडणुकीचा नियम असा, की छोट्या पक्षाला चिन्ह उसनं मिळतं. राज्यभरात ठरावीक टक्का मतं पडली तर ते कायमचं, नाहीतर परत करायचं. पहिल्या खेपेला छत्री मिळाली. छत्री उलटी झाली, असं लोक म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या खेपेला शिडी. त्या वर्षी हवाच अशी होती, की मास्तर प्रत्येक सभेत सांगायचे, "हे चिन्ह आता आपलं कायमचं." रंगाऱ्यानं ते ऐकलं आणि चुन्यातले रंग बाजूला ठेवून तेलरंग काढला. कायमची गोष्ट कायमच्या रंगात. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या खेपेला पक्षाचे दोन आमदार आले. एकजण वर्षाच्या आत पलीकडच्या पक्षात गेला. दुसरा त्याला परत आणतो म्हणून गेला, तो तिकडेच राहिला. आक्का स्वतः थोडक्यात पडली. राज्याचा टक्काही थोडक्यात हुकला आणि शिडी परत गेली.

या वेळची ही तिसरी खेप. मास्तर आधीच सांगून बसले होते, "आक्का, आता टक्का भरला नाही तर पक्ष चालवणं होणार नाही. मोठ्या पक्षात जावं लागेल. आणि तुमची जागा आली तरच टक्क्याची आशा."

मोठा पक्ष म्हणजे काय ते आक्काला माहीत होतं. युतीची बोलणी करायला ती मास्तरांबरोबर एकदा त्यांच्या कचेरीत गेली होती. बाहेरच्या बाकावर बसली असताना एका पोरगेलशा पुढाऱ्यानं आतून डोकं काढलं आणि तिच्या हातात उष्ट्या कपांचा ट्रे दिला. आक्कानं तो नेऊन मोरीत ठेवला. "धुतले मात्र नाहीत," ती घरी येऊन म्हणाली. सगळे हसले. तीही हसली, पण त्या दिवशी जेवली नाही.

चार-आठ दिवसांत, बाया साच्यावर वाकलेल्या असताना, रंगाऱ्यानं भट्ट्यांकडच्या झाडून सगळ्या शिड्या पांढऱ्या केल्या आणि त्यांवर निळ्या बादल्या काढल्या. चुन्यातला निळा रंग, पाणचट. तेलरंग परवडण्यासारखा नव्हता आणि बादलीत त्याचा जीवही नव्हता. बायको खालून डबा वर द्यायची आणि तोंड बंद ठेवायची, त्याचा त्याला जास्त त्रास व्हायचा.

आक्का पहाटे उठून भट्ट्याभट्ट्यांवर फिरायची. बरोबर खरीखुरी पत्र्याची बादली. गुडघे सुजलेले, त्यांवर चिंधी बांधलेली. ती विटा पाडणाऱ्या बायकांपाशी बसायची, बोलता बोलता त्यांचा साचा घेऊन दोन विटा पाडून द्यायची. "बादली हो बायांनो. बादली." बाया मान हलवायच्या. रिक्षावरचा भोंगा दिवसभर बादली बादली ओरडत फिरायचा.

मधेच मास्तर बातमी घेऊन आले, की शिडी भट्टीमालकाच्या ड्रायव्हरनं घेतली. अपक्ष उभा राहिलाय.

"तो कशाला?" आक्कानं विचारलं. "मालकाचा साडूच मोठ्या पक्षातून उभा आहे ना?"

"चार मतं खायला. त्यांच्या खेळी असतात. लक्ष देऊ नका."

रंगारी कुंचला धूत होता. धुतलेला कुंचला त्यानं पुन्हा पाण्यात बुडवला. बायकोनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती चुलीकडे वळली.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि पावसाचे दिवस नसताना पाऊस पडला. भरपूर पडला. आक्का दारात उभी राहून म्हणाली, "गेल्या, कच्च्या विटा गेल्या सगळ्या." तिला तेवढंच दिसत होतं.

पाऊस थांबल्यावर रंगारी बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला. भिंतीवरून बादली ओघळून गटारात गेली होती. चुन्याचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्यामागून शिडी बाहेर आली होती, पायरी न् पायरी, सावली न् सावली. धुऊन निघाल्यामुळे उलट टवटवीत दिसत होती.

बायको पाठीमागे येऊन उभी राहिली. ‘मी सांगत होते,’ असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "सगळीकडे हेच झालं असणार."

"मी जातो. पुन्हा हात मारतो."

"प्रचार बंद झालाय. आता भिंतीला कुंचला लावला तर पोलीस धरतील. आणि ओल्या भिंतीवर काय बसणार आहे?"

तरी तो पिंप सायकलला बांधून गेला. पहिल्याच भट्टीच्या भिंतीला चुना लावला, तो दुधासारखा खाली वाहिला. दुसरीकडे हवालदारानं हटकलं, पिंप ओतायला लावलं आणि सायकलीची हवा सोडली. सायकल ढकलत येताना त्याला वाटेत चार ठिकाणी आपल्या हातच्या शिड्या दिसल्या. त्यानं मान खाली घातली. आपल्या कामाची अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"कुठे गेला होतास?" आक्कानं विचारलं.

"सायकल पंक्चर झाली," तो म्हणाला.

आक्काला भिंतीचं सांगावं असं त्याला वाटलं. पण ती पाय गरम पाण्यात घालून बसली होती, डोळे मिटून, आणि किती तरी दिवसांनी जराशी निवांत दिसत होती. कोण बघतंय भिंतीकडे, असं त्यानं स्वतःला समजावलं. सगळ्यांना बादली पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर भट्टीच्या बायांची रांग लागली. साचेवाली मावशी नातसुनेच्या खांद्याला धरून आत गेली आणि बाहेर आल्यावर लांबूनच तिनं आक्काला शाई लावलेलं बोट दाखवलं. तिच्या तोंडात एक दात उरला होता, तो दाखवून हसली. आक्कानं हात जोडले.

मतमोजणीच्या दिवशी रंगारी घरीच बसला. खांद्याचं निमित्त केलं. दुपारी आक्का आणि मास्तर आले, तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. मालकाचा साडू निवडून आला होता. आक्का त्याच्या खालोखाल होती, फरक थोडाच. आणि ज्या ड्रायव्हरनं एक सभा घेतली नव्हती, त्याच्या शिडीला त्या फरकाच्या दुप्पट मतं पडली होती.

"कुठली ती मतं?" बायकोनं विचारलं. विचारायला नको होतं.

"आपल्याच भट्ट्यांवरची," मास्तर म्हणाले. "केंद्रवार आकडे बघितले मी. जिथे आपला पक्ष जन्माला आला, तिथेच जास्त. मालकानं पैसे वाटले असणार. घेतले आणि शिडी दाबली."

आक्का भिंतीला टेकून खाली बसली. मास्तर थोडा वेळ बोलत राहिले. टक्का गेला, आता इलाज नाही, परवा मोठ्या पक्षात प्रवेश आहे, गाडी पाठवतो, तुमच्यासाठी काहीतरी पद मागून घेऊ. आक्कानं विचारलं, "ट्रे आणू का बरोबर?" मास्तरांना ते कळलं नाही. चहा अर्धा ठेवून ते गेले. पायरी उतरताना त्यांनी हात रुमालाला पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं, सवय होती.

जेवताना आक्का म्हणाली, "पडल्याचं काही नाही रे. पण माझी माणसं विकली गेली. ज्यांच्याबरोबर चिखलात बसले, ती."

रंगाऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. आत्ताच बोलायला हवं होतं. तो पाणी प्यायला, आणखी प्यायला. बायको त्याच्याकडे बघत होती. तो ताट उचलून हात धुवायला उठला.

परवाची गाडी आली आणि रिकामी गेली. आक्का भट्टीवरही गेली नाही. कुणाचं तोंड बघायचं नाही, म्हणाली. अंथरुणावर पडून राहायची. जी बाई दिवसभर टेकत नव्हती, ती पडून आहे हे बघून रंगाऱ्याला घरात बसवेना आणि बाहेरही जाववेना. बाहेर भिंतीवर शिडी होती.

मग एके सकाळी साचेवाली मावशी काठी टेकत आली. दारातल्या पायरीवर बसली आणि आधी धाप टाकून घेतली.

"काय गं आक्के, आजारी आहेस? भट्टीवर का येत नाहीस?"

आक्का उठून दारात आली. चेहरा दगडासारखा. "कशाला येऊ, मावशी?"

"कशाला म्हणजे? पावसात विटा गेल्या, मालक पुन्हा मजुरी नाही म्हणतोय. बाया वाट बघतायत तुझी. आणि काय गं," मावशीनं आवाज खाली आणला, "आपण पडलो कसे? आमच्या भट्टीवरच्या एकजात सगळ्यांनी तुलाच दिलं. माझ्यासमोर शपथा घेतल्यात."

"मला?"

"मग कुणाला? शिडीला दिलं."

आत रंगारी डबे पुसत होता. त्यानं हातातला डबा खाली ठेवला.

"मावशी, मी बादली बादली सांगत होते ना?" आक्का अगदी हळू म्हणाली.

"होतीस की. भोंगाही ओरडत होता. पण मतदानाच्या तोंडावर सगळं फिरलं ना! आपल्या शिडीला मालकानं चुना फासून झाकलं होतं, आणि आदल्या दिवशी पाऊस आला नि ती उघडी पडली. मी बायांना म्हटलं, बघा गं, शिडी वर आली! बादली ही मालकाचीच काहीतरी बनवाबनवी असणार, आक्काच्या तोंडून वदवून घेतली असेल. भोंग्यावर कुणीही ओरडेल. भिंतीवर मात्र आपल्या रंगाऱ्याचा हात आहे, तो मला आंधळीलासुद्धा ओळखू येतो." मावशीनं गुडघे चोळले. "मग पडलो कसे?"

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती दूर जाईपर्यंत आक्का तिच्या चाकांकडे बघत राहिली.

"दुसऱ्या भट्टीवाल्यांनी दिलं नसेल, मावशी."

"मेले फितूर," मावशी म्हणाली. "त्यांच्या विटा कच्च्याच राहोत. बरं, उद्या येतेस ना? गाऱ्यात बसायचं तर लवकर बसू, ऊन व्हायच्या आत. मला आता फार वेळ बसवत नाही."

"येते."

मावशी काठी टेकत दुकानाकडे गेली. आक्का दारातच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रंगारी बाहेर आला, तेव्हा ती रडत होती की हसत होती ते त्याला कळेना. दोन्ही असावं.

"विकली नव्हती रे गेली," ती म्हणाली.

"आक्का, मला माहीत होतं. पाऊस पडला त्या दिवशीच मी बघितलं होतं."

"आणि आधी खरवडली का नाहीस?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "हात धजला नाही. चांगली झाली होती गं."

आक्कानं भिंतीपुढे जाऊन शिडी नीट पाहिली. गेली कित्येक वर्षं ती तिच्यासमोरून ये-जा करत होती, पण अशी तिनं कधी पाहिली नव्हती. वाकून खालच्या पायरीच्या सावलीवर बोट फिरवलं.

"चांगलीच काढलीस मेल्या," ती म्हणाली. "इतकी चांगली काढायला तुला सांगितलं कुणी?"

मग तिनं अंगणातला विटेचा तुकडा उचलला, खाली बसली आणि खालच्या पायरीवर घासायला लागली. रंगाऱ्यानं पत्रा आणला. बायकोनं त्याच्यासाठी स्टूल आणून लावलं आणि ते धरून उभी राहिली. तेलरंग सुटता सुटत नव्हता. नखाएवढा तुकडा निघायचा आणि त्याबरोबर भिंतीचा गिलावा यायचा. रंगाऱ्याचा खांदा ठणकत होता. दुखतंय ते बरं, असं त्याला वाटलं. आक्काच्या बोटांची सालं गेली होती. पक्ष संपला होता, निवडणूक संपली होती, आता ही शिडी राहिली काय नि गेली काय, पण तिघांपैकी कुणी तसं म्हणालं नाही.

मावशी दुकानातून परत येताना थांबली. कपाळावर हात धरून तिनं भिंतीकडे पाहिलं.

"अगं आक्के, आपलीच शिडी पुसताय?"

आक्का वळली नाही. विटेचा तुकडा घासत राहिली.

"जुनी झालीय, मावशी. नवी काढायचीय."

"असं होय." मावशीचं समाधान झालं. काठी पुढे टाकता टाकता ती स्टुलावरच्या रंगाऱ्याला म्हणाली, "मग अशीच काढ रे बाबा. पक्की."